तुम्ही जाऊन या, मी बसते

अकलोलीला लोक जातात ते गुडघ्यांसाठी. गुडघे, कंबर, संधिवात, अंगावरची खाज. तानसाकाठच्या ऊन पाण्यात डुंबलं की उतार पडतो, असं पिढ्यानपिढ्या सांगत आलेत. डॉक्टरांनी हात टेकले की भिवंडी तालुका गाठायचा. आणि गाठल्यावर पहिलं काय करायचं? कुंडाच्या पायऱ्या उतरायच्या.

गुडघ्याचं औषध, ज्याचा गुडघा वाकतो त्यालाच.

लोककथा म्हणते, वज्रेश्वरीने मारलेल्या दैत्यांचं रक्त म्हणजे हे गरम पाणी. भूशास्त्र म्हणतं, पाणी भेगांतून खोल झिरपतं, तापतं आणि पुन्हा वर येतं. तुम्हाला पटेल ते घ्या. पाणी पाताळातून वर येऊ शकतं. चाकाच्या खुर्चीला चार पायऱ्या खाली जाता येत नाही.

तसं जाता येतं म्हणा. उचलून.

रॅम्पला आपल्याकडे अस्सल देशी पर्याय आहे. भाचा, जावई, ड्रायव्हर आणि शेजारच्या गाडीतले दोन अनोळखी दादा. ‘धर रे, पाय सांभाळ, अगं आजी घाबरू नको!’ उचलणाऱ्याला पुण्य लागतं. बघणाऱ्याला गहिवर येतो. आणि जिला उचललं तिला काय वाटतं? पदर सावरायला हात मोकळा नाही, काखेत परक्याचा हात, भोवती ओल्या चड्डीतली गर्दी. तिला विचारायची आपल्यात पद्धत नाही.

म्हणून ती आधीच सांगून टाकते, ‘तुम्ही जाऊन या रे, मी गाडीतच बसते.’

महाराष्ट्रातल्या कुठल्याही सहलीत हे वाक्य ऐकू येतं. आणि सगळे लगेच मानतात. एरवी आजीचं एवढं कोण ऐकतं?

पलीकडे वज्रेश्वरीचं देऊळ. १७३९ साली वसई जिंकल्यावर चिमाजीअप्पांनी नवस फेडला, आणि फेडताना देऊळ किल्ल्यासारखंच बांधलं. दगडी पायऱ्या बावन्न. चाकांसाठी उतार करायचा तर फूटभर चढाला बारा फूट लांबी लागते. पायरी अर्ध्या फुटाची धरा. सव्वीस फूट चढ, म्हणजे उतार तीनशे बारा फूट. चिमाजीअप्पांना माफ आहे. त्यांच्यासमोर फिरंग्यांच्या तोफा होत्या, दिव्यांग हक्क कायदा नव्हता.

आपल्यासमोर आहे. २०१६ चा. त्यात सार्वजनिक इमारतीची व्याख्या वाचण्यासारखी आहे. सरकारी असो वा खासगी, धार्मिक असो वा करमणुकीची, लोक जिथं जातात ती. म्हणजे देऊळही आलं आणि वज्रेश्वरीच्या रस्त्यावरचे वॉटर पार्कही. भक्त आणि बर्म्युडा एकाच कलमात! जुन्या इमारती सुधारायला नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ चे. बेरीज तुम्हीच करा.

त्यातही गंमत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला सुनावलं की तुमचा सुगम्यतेचा नियम नुसता मार्गदर्शक सूचनांवर उभा आहे, तो बंधनकारक करा. थोडक्यात, कायदा म्हणत होता ‘केलंच पाहिजे’ आणि नियम म्हणत होता ‘जमलं तर बघा’.

कायदा येण्याआधीही आपण स्वस्थ बसलो नव्हतो. २०१५ च्या डिसेंबरात ‘अपंग’चं ‘दिव्यांग’ केलं.

नाव बदलायला सिमेंट लागत नाही.

वॉटर पार्कची तऱ्हा निराळी. तिथल्या घसरगुंडीचं माप इंच-इंच ठरलेलं असतं. किती उंचीचं पोर, किती वजनाचा बाप, सगळं पाटीवर. पण त्याच धर्तीच्या जागी दाराशी रॅम्प असतो ना, तो काढताना गवंड्याला कुणी माप दिलेलं नसतं. उरलेल्या जागेत बसेल तेवढा. इतका उभा, की तिकीट लावलं तर तीच सगळ्यात थरारक राइड ठरावी.

परदेशात सगळं छान, असं समजू नका. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या काही श्रीमंत बायकांची भानगड बाहेर आली. डिस्ने वर्ल्डमधली रांग चुकवायला त्या अपंग व्यक्ती भाड्याने घेत होत्या, तासाला १३० डॉलर देऊन. कुटुंबातली म्हणून सोबत न्यायची आणि थेट पुढे घुसायचं. डिस्नेला सवलतीची पद्धतच बदलावी लागली. तिकडे खुर्चीवरचा माणूस सगळ्यांच्या पुढे, म्हणून त्याला भाव. इकडे तो गाडीत, म्हणून काचा थोड्या खाली.

टेक्ससमध्ये सॅन अँटोनियोला मात्र २०१७ मध्ये एक वॉटर पार्क झाला. तिथं खुर्ची पाण्यात जाते. दाबाच्या हवेवर चालते, बॅटरी नाही, म्हणून भिजली तरी बिघडत नाही. आणि अपंगांना तिकीट नाही. आपल्याकडे हे सांगितलं की लगेच ऐकायला मिळतं, ‘अहो, तो अमेरिकेचा पैसा.’

मग सप्तशृंगी गडावरची ट्रॉली कुणाच्या पैशाने झाली? तिथं शेकडो पायऱ्यांना पर्याय मिळाला, २०१८ पासून गुडघे बसून वर जातात. म्हणजे जमतं. फक्त गुडघे लाखांनी यावे लागतात. अकलोलीच्या कुंडाशी ते दर रविवारी गाडीगणिक एक-एक येतात, आणि गाडीतून उतरतच नाहीत, म्हणून मोजलेही जात नाहीत. ‘इथं व्हीलचेअरवालं कुणी येतच नाही हो,’ म्हणायला सगळे मोकळे.

तेवढ्यात मंडळी कुंडातून वर येतात. लालबुंद, ताजीतवानी, भजी कुठे मिळतील हे विचारत. सूनबाई विसरलेली नसते. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कुंडाचं पाणी भरून आणलेलं असतं.

‘घ्या आई, गुडघ्यांना लावा.’

आजी बाटली हातात घेते, तळव्याने चाचपते.

‘कोमट आहे गं.’