वरच्या मजल्यावरची नदी

मयसभा आणि द्यूत ही दोन्ही प्रकरणं व्यासांनी एकाच सभापर्वात घातली, यात मला त्यांच्या प्रतिभेइतकंच व्यवहारज्ञानही दिसतं. आधी माणसाला जमिनीच्या जागी पाणी आणि पाण्याच्या जागी जमीन दिसू लागली पाहिजे; फासे मग आपोआप हातात येतात. पुढे तर धृतराष्ट्राने खास द्यूतासाठी हजार खांबांची, शंभर दारांची सभा बांधून घेतली आणि पांडवांना निरोप धाडला, नवी वास्तू पाहायला या. लास व्हेगासच्या जाहिरातीही याहून फारसं वेगळं काही सांगत नाहीत.

तिथे मुलाने आमची सोय ‘द व्हेनेशियन’मध्ये केली होती. १९९९ साली नेवाडाच्या वाळवंटात उघडलेलं हे व्हेनिस. रिआल्टोचा पूल आहे, घंटेचा मनोरा आहे, आणि आत दुकानांच्या गल्लीतून, जमिनीपासून एक मजला वर, चक्क कालवा वाहतो. वर रंगवलेलं आकाश. त्या आकाशात सदैव दिवेलागणीच्या जरा आधीची वेळ असते, गुरं परतायची. फक्त गुरं नसतात. आमचं रहिमतपूर हे नाटककार वसंत कानेटकरांचं जन्मगाव, त्यामुळे रंगवलेल्या पडद्याबद्दल आमच्याकडच्या माणसाला उपजतच आदर असावा. मान वर करून मी ते ढग बराच वेळ न्याहाळले. काम चोख होतं. पण नाटकाचा तिसरा अंक कधीतरी संपतो, दिवे उजळतात, माणसं खुर्चीखाली चपला चाचपतात आणि शेवटची एसटी गाठायला धावतात. इथे घड्याळच नजरेस पडत नाही. प्रयोग संपल्याचं प्रेक्षकाला कुणी सांगत नाही, आणि सांगण्यात कुणाचा फायदाही नाही.

जेवायला निघा की झोपायला, वाट जुगाराच्या यंत्रांच्या रांगांमधूनच जाते. पहाटे झोप मोडली म्हणून खाली उतरलो, तर एक पांढऱ्या केसांची आजी एकटीच खेळत होती. तिचं कार्ड यंत्रात खोचलेलं आणि त्याची वेटोळ्यांची दोरी तिच्या स्वेटरला अडकवलेली. सलाईन लावून बसल्यासारखी ती त्या यंत्राला जोडली गेली होती. मी थबकलो तशी तिने शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलून मला जागा करून दिली. ज्या आपुलकीने आपल्याकडे बायका कीर्तनात सरकून घेतात, अगदी त्याच आपुलकीने. मी बसलो. खेळलो नाही, पण तिचे तीन लिंबू जुळले तेव्हा मान मात्र डोलावली.

खेळण्याची भीती नव्हती, हिशोब ठाऊक होता. तिकडच्या रुलेटच्या चाकावर ३८ घरं असतात. आकडा लागला तर एकास पस्तीस मिळतात. उरलेल्या फटीतून शंभरामागे सव्वापाच डॉलर यजमानाकडे अलगद वाहत जातात, आणि सारी रोषणाई त्यावर चालते. शकुनीला निदान फुंकर तरी मारावी लागत असेल. आपल्या महाराष्ट्र सरकारनेही १९७६ साली कॅसिनोंचा कायदा केला होता. तो कधी अमलात आलाच नाही. २०२३ मध्ये तो रद्द करायचं ठरलं. एकही फासा न टाकता ४७ वर्षं डाव मांडून ठेवायचा, हा संयम धर्मराजाला दाखवता आला असता तर महाभारत बरंच आटोपशीर झालं असतं.

रात्री बेलाजिओ हॉटेलची कारंजी पाहिली. बाराशेच्या वर नळ्या, संगीतावर डोलणारं पाणी. मुलाने सांगितलं की तळ्याला पाणी एका जुन्या विहिरीचं आहे, पूर्वी इथे असलेल्या गोल्फच्या मैदानासाठी खणलेल्या. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. रहिमतपुरात रणदुल्लाखानाच्या मशिदीजवळ हत्तीची मोट आहे: विहिरीवर उंच मनोरा आणि हत्तीला चढण्या-उतरण्यासाठी लांबलचक उतार. हत्तीने पाणी ओढायचं, ते उंचावर चढायचं आणि मशिदीच्या कारंज्यात थुईथुई नाचायचं. हत्तीला ते नाचणं दिसत होतं का, कोण जाणे. त्याची पाठ बहुधा तिकडे असायची.

परतीच्या आदल्या दिवशी गोंडोलात बसलो. पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घातलेला नावाडी इटालियनमध्ये आर्त काहीतरी गात होता. पुलाखालून जाताना हिने वाकून पाण्यात बोटं बुडवली, ती डोळ्यांना लावली आणि पर्समधलं एक नाणं हळूच सोडलं, कृष्णेच्या पुलावरून गाडी जाताना सोडते तसं. नावाडी गाता गाता अडखळला.

“अगं आई, पंपाने फिरवलेलं पाणी आहे ते,” मुलगा हसत म्हणाला.

“असू दे की. आपल्याकडंही धोम धरणाचं कॅनॉलनंच येतंय,” ही म्हणाली. “त्याला कधी नाही म्हटलंय का आपण?”