अकारविल्हे काकाजी

भंडारा जिल्ह्याचे तालुके सांगा म्हटलं, की कोणीही भंडाऱ्यापासून सुरुवात करतो. काकाजी तुमसरपासून करतात. तुमसर, पवनी, भंडारा, मोहाडी, लाखनी, लाखांदूर, साकोली. जिल्ह्याचं ठाणं तिसऱ्या नंबरावर कसं काय, असं कोणी विचारलंच, तर शांतपणे म्हणतात, "वर्णमालेत कलेक्टर ऑफिस नाही जी."

काकाजी म्हणजे कोणी एक माणूस नव्हे, तो एक वाण आहे. आमच्याकडे तालुक्याला निदान एक नग सापडतोच. कोणी निवृत्त तलाठी असतो, कोणी हायस्कुलातला क्लार्क, कोणी ग्रंथपाल, तर कोणी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्टोअर सांभाळलेला. नोकरीभर रजिस्टर ओढलेलं असतं. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळतं. रजिस्टर सुटतं, पण रकाने काही सुटत नाहीत.

अशा माणसाची आणि विकिपीडियाची गाठ कार्यशाळेत पडते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, तो कोणीही संपादित करू शकतो, पैसे मिळत नाहीत, वगैरे सांगून झाल्यावर "कोण काय लिहिणार?" असा प्रश्न येतो. भराभर हात वर होतात. एकाला नागझिऱ्याचा वाघ हवा असतो, दुसऱ्याला अंबागडचा किल्ला, तिसऱ्याला भंडाऱ्याचं पितळ. कॉलेजातल्या पोरांना क्रिकेटवीर हवे असतात. सगळे वाटून झाले, चहा आला, की मागच्या बाकावरून आवाज येतो, "मी नावांची सूची करतो जी." शिकवायला आलेला पोरगा गोंधळतो, कारण सूची त्याने मागितलेलीच नसते. पण फुकटात काम करणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? तो "हो, हो, करा ना काका" म्हणतो आणि संध्याकाळच्या गाडीने नागपूरला निघून जातो. इकडे काकाजींना उरलेल्या आयुष्याचा कार्यक्रम मिळालेला असतो.

काम ऐकायला सोपं आहे. चरित्रांचे जेवढे लेख असतील, त्यांतली नावं काढायची आणि अकारविल्हे लावायची, आडनाव आधी. पण आडनाव आधी म्हटलं, की अर्धा महाराष्ट्र अडतो. ज्ञानेश्वरांना आडनावाने कोण शोधणार? तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी 'त'मध्ये, 'ल'मध्ये की 'ज'मध्ये? कुसुमाग्रज म्हणून आलेल्या वाचकाला शिरवाडकरांच्या दारात पाठवायचं, की शिरवाडकरांनाच इकडे बोलवायचं? नागपूरचे कवी ग्रेस 'गोडघाटे, माणिक' म्हणून लागतात, आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचंही मूळ नाव माणिकच. काकाजींच्या वहीत महिनाभर एका माणिकाची चिठ्ठी दुसऱ्या माणिकाच्या पाकिटात होती. मालतीबाई बेडेकर तर एकट्या बाई तीन ठिकाणी राहतात: माहेरच्या बाळूताई खरे, सासरच्या मालतीबाई आणि पुस्तकांवरच्या विभावरी शिरूरकर. काकाजींनी तिन्ही घरांना एकमेकींचा पत्ता देऊन टाकला. "वाचक कोन्याही दाराशी आला, तरी बाईची भेट झाली पाह्यजे."

हे सगळं चालतं लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. उन्हाळ्यात पत्रिकांना तोटा नाही. त्यांचे चौकोन कापायचे, एका चौकोनावर एक नाव, आणि चौकोन बुटाच्या खोक्यात. घरात धानाच्या पोत्यांशेजारी खोकी रचलेली असतात. काकूजींनी एकदा 'प ते म' उचलून माळ्यावर टाकलं, तेव्हा दोन दिवस घरात बोलणं बंद होतं.

मग मुलाने लॅपटॉप आणून दिला. नावं टाका, बटण दाबा, आपोआप लागतील, असं सांगून गेला. लागली. ज्ञानेश्वर सगळ्या जोशांच्या मागे जाऊन उभे राहिले. संगणकाच्या हिशेबी 'ज्ञ' म्हणजे ज, मग हलन्त, मग ञ. आणि हलन्ताचा नंबर सगळ्या काना-मात्रांच्या नंतरचा. म्हणून 'ज'ची बाराखडी पुरी संपल्याशिवाय माउलींना प्रवेश नाही. 'ळ'ही वर्णमालेच्या शेवटाहून उठून 'ल'च्या मांडीला मांडी लावून बसला. ॲनी बेझंट दोन निघाल्या, कारण 'ॲ' दोन तऱ्हांनी टंकता येतो. माणसाच्या डोळ्याला एकच दिसतो, यंत्राला दोन बाया दिसतात. काकाजींनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "याले पहिलीत बसवा लागते." तेव्हापासून यंत्र लावतं आणि काकाजी तपासतात. साहेबाने सही केल्यावर हेडक्लार्कने पुन्हा बेरीज करावी, तसं.

बाहेरच्यांना वाटतं, हे एक वेड. पण सारख्या नावांच्या भानगडी सोडवायला भंडाऱ्याचाच माणूस लागतो. विकिपीडियावर एका नावाचे दोघे निघाले, की कंसात ओळख देतात. आमच्या जिल्ह्यात गावांनाही कंस आहेत. केसलवाडा (वाघ) आणि केसलवाडा (पवार). मुरमाडी (सावरी) आणि मुरमाडी (तुपकर). एसटीच्या कंडक्टरला नुसतं 'मुरमाडी' सांगितलं, तर तो तिकीट फाडण्याआधी कंस विचारतो. त्यामुळे कार्यशाळेतला पोरगा 'निःसंदिग्धीकरण' हा शब्द उच्चारताना तीनदा अडखळला, तेव्हा काकाजी म्हणाले, "म्हंजे मुरमाडीसारखं."

त्याहून मोठी भानगड जन्मस्थळाची. १ मे १९९९ला गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला. आता १९८५ साली तिरोड्यात जन्मलेला माणूस कोणत्या जिल्ह्याचा? गोंदियावाले म्हणतात आमचा. काकाजी म्हणतात, "पैदा झाला तवा गोंदिया पैदा नव्हता." आणखी मागे गेलं तर १९३० सालचं बाळ मध्यप्रांतात जन्मतं, १९५२चं मध्यप्रदेशात, १९५८चं मुंबई राज्यात आणि १९६१चं महाराष्ट्रात; पाळणा मात्र चौघांचा एकाच आळीत. काकाजींच्या सूचीत या चौघांसाठी चार रकाने आहेत. ते पाहून पुण्याच्या एका संपादकाने विचारलं, की एवढं लागतं का? काकाजींनी उत्तर दिलं, "तुमचं पुणं हललं नाही जी. आमचं हललं."

आणि मुकुंदराज! 'विवेकसिंधू' शके १११०चा, मराठीचा आद्यकवी, पण कुठला? मराठवाड्याचं म्हणणं अंबाजोगाई. आमचं म्हणणं अंभोरा, वैनगंगेच्या काठी. काकाजी एरवी निःपक्षपाती माणूस. सूचीत त्यांनी दोन्ही नोंदी दिल्या. पण वर्णमालेने अंबाजोगाई आधी येते, अंभोरा नंतर. नियम म्हणजे नियम. त्या रात्री ते जेवले नाहीत, असं काकूजी सांगतात.

सूची होते आहे, हे कळल्यावर गावातून माणसं यायला लागतात. पंचायत समितीचे एक भावी सदस्य मोटारसायकलवरून येतात, सोबत पाकिटात फोटो.

"काकाजी, आपलं नाव टाकून द्या बरं त्याच्यात."

"लेख आहे का तुमच्यावर?"

"तोही तुम्हीच लिहा ना जी."

"संदर्भ आना. पेपर, पुस्तक, कायतरी छापील."

"छापील? चौकात वीस फुटाचं छापील लावलं ना वाढदिवसाचं!"

"फ्लेक्स संदर्भात धरत नाही, भाऊ. आनि त्याच्यावर तुमच्याखाली अठ्ठावीस फोटो आहेत, तेही अकारविल्हे नाहीत."

भावी सदस्य निघून जातात, आणि पुढच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर काकाजींचा फोटो 'मार्गदर्शक' म्हणून लागतो.

ही शिस्त घरातही शिरते. पुतणीच्या लग्नात पत्रिकेचं काम काकाजींकडे दिलं. निमंत्रकांची नावं त्यांनी अकारविल्हे लावली. घराण्यातले सगळ्यांत वडील, सुखदेवभाऊ, शेवटून दुसरे आले, आणि परवाच मॅट्रिक झालेला अनिकेत सगळ्यांच्या डोक्यावर. लग्नात भाऊ आले, आशीर्वाद देऊन न जेवता निघाले. काकाजी त्यांना समजावायला मांडवाबाहेर धावले. मानापानाचा विषय त्यांनी काढलाच नाही. वर्णमालेत 'स' कुठे येतो, ते सांगत होते.

असं असलं, तरी काकाजींना हसून सोडून देता येत नाही; त्यांची वंशावळ मोठी आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चा घाट घातला तो आमच्या शेजारच्या नागपुरात. तेवीस खंड झाले आणि त्यांतला एक अख्खा खंड सूचीचा. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची 'मराठी ग्रंथसूची' जवळजवळ एकहाती केली. पुस्तकं लिहिणाऱ्यांचे पुतळे झाले. ती पुस्तकं आहेत कुठे, हे सांगणाऱ्या दात्यांचं नाव ग्रंथालयाबाहेर किती जणांना ठाऊक आहे? काकाजी तर आणखी मागे जातात. पवनीला १९६९-७०च्या उत्खननात स्तूप निघाले. त्यांच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली आहेत. काकाजींच्या मते ती जिल्ह्यातली पहिली नामसूची. "दोन हजार वर्सं झाली, एकही नाव पुसलं नाही. फक्त क्रम चुकला."

सूचीला एक गुण असतो, जो लेखाला नसतो. लेखात असतं तेवढंच दिसतं. सूचीत नसलेलंही दिसतं. काकाजींच्या पडद्यावर लेख असलेली नावं निळी आहेत आणि लेख व्हायचा असलेली लाल. भंडाऱ्याच्या रकान्यात निळ्यामध्ये बहुतेक आमदार-खासदार. १९५४च्या भंडारा पोटनिवडणुकीत बाबासाहेब आंबेडकर हरले, त्यामुळे तेही या रकान्यात, तेव्हाच दुसऱ्या जागेवर जिंकलेले अशोक मेहताही. लालमध्ये खडीगंमतीचे शाहीर, दंडारीतले नट, पितळेवर ठोके मारत जन्म काढलेले कारागीर. आणि बायका. पेपरात मृत्यूची बातमी येते, 'अमुक गुरुजींच्या सुविद्य पत्नी'. सुविद्य आहेत, तर नाव असेल ना? काकाजी फोन लावतात.

"गुरुजी, नोंद कराची होती. बाईंचं नाव काय जी?"

पलीकडे शांतता. मग आत कोणालातरी हाक. मग, "आम्ही त्यांना 'बाई'च म्हणत होतो जी. राशन कार्ड पाहून सांगतो."

काकाजी फोन धरून थांबतात. नावासाठी थांबणं हीच त्यांची खरी नोकरी. बाकी क्रम लावणं हा छंद.

तुमच्या तालुक्यात असा कोणी असेल, तर त्याला लेख लिहायला सांगू नका. त्याला दोन वाक्यं जोडायचा कंटाळा आहे. त्याचा सत्कारही करू नका, तो हारतुऱ्यांपेक्षा निमंत्रणपत्रिका आधी तपासेल. घरातल्या जुन्या लग्नपत्रिका नेऊन द्या आणि आपल्या आजीचं पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट, नीट विचारून जा. आणि काही झालं तरी "आता हे सगळं संगणकच करतो ना काकाजी?" असं म्हणू नका. म्हणालातच, तर चपला काढून आत बसा. चहा येईल, आणि मग ज्ञानेश्वर जोशांच्या मागे का उभे राहिले, ते पहिल्यापासून सुरू होईल.