धैवताची झेरॉक्स

पेटी वाजवणाऱ्याला पहिली काही वर्षं आपण पेटी वाजवतो असं वाटतं. पुढे पुढे आपण संवादिनीवादन करतो असं वाटायला लागतं. मी या दुसऱ्या मुक्कामावर जरा जास्तच रेंगाळलो. 'संवादिनीवादक' अशी व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली. शंभर. त्यातली त्र्याण्णव अजून कपाटात आहेत. उरलेल्या सातांचा हिशेब चोख आहे: चार आमच्या गुरुवारच्या मंडळींना दिली, एक मेहुण्याला दिलं, एक वेळप्रसंगी काढायला पाकिटात आहे आणि एक घडी घालून डायनिंग टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली. प्रत्यक्ष उपयोगाला आलेलं हे शेवटचंच.

गुरुवारची मंडळी म्हणजे पाच माणसं आणि पाच पेट्या. तबलजी नाही. डोंबिवलीत तबलजी मिळत नाहीत असं नाही, आमच्याकडे टिकत नाहीत. तिसरा जो गेला तो जाताना हात जोडून म्हणाला, "सम कुठे आहे ते तुम्हा पाच जणांचं आधी ठरू दे, मग फोन करा." आम्ही फोन केला नाही. ठरलंच नव्हतं. तेव्हापासून तालाचं यंत्र लावतो. त्याला उठून जाता येत नाही.

पाच पेट्या एका सुरात असणं हा योग आमच्या पत्रिकेत नाही. मी एकतीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं. ४४० आणि ४४३ कंपनांचे दोन सूर एकदम वाजले की आवाज सेकंदाला तीन वेळा फुगतो आणि ओसरतो, याला विस्पंद म्हणतात, हे मी हजारो पोरांना फळ्यावर समजावलं. कळलं मात्र मला आम्ही गुरुवारी जमतो त्या नानांच्या हॉलमध्ये. नानांची पेटी आणि बँकवाल्यांची पेटी एकदम षड्जावर आल्या की समोर बसलेला माणूस होडीत बसल्यासारखा डुलायला लागतो. लोकांना वाटतं, तल्लीन झालाय.

आमच्यात खऱ्या अर्थाने वाजवतात त्या एकट्या मावशी. सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून जन्म गेला, त्यामुळे बोटांत घाई नाही आणि कुणाच्या कण्हण्याकडे लक्ष नाही. दुसरा नंबर माझा. हे मी ठरवलं आहे, पण बाकीच्यांनी हरकत घेतलेली नाही, कारण त्यांना ते सांगितलेलं नाही. बँकवाले वाजवतात हिशेबाने, एकही सूर जादा जाऊ देत नाहीत. चौथे देशपांडे वकील. ते ताना घेतात, मध्येच थांबतात आणि पुढची तारीख मागितल्यासारखं आमच्याकडे बघतात. आणि नाना. नाना वाईट वाजवतात. पण पेटी उघडताना झाकणावरून असा हात फिरवतात की वाजवून ती मजा कशाला घालवायची, असं वाटतं.

आमच्या सामायिक मालमत्तेतला मुख्य ऐवज म्हणजे भूपातली एक धून. पंचवीस एक वर्षांपूर्वी नाना दादरला एका मैफलीला गेले होते. गायकापेक्षा साथीच्या पेटीवाल्यावर त्यांचा जीव जडला. मध्यंतरात त्यांनी त्या म्हाताऱ्या बुवांना गाठलं, चहा पाजला आणि धून लिहून घेतली. भातखंडे पद्धतीने, सोळा मात्रांत, व्यवस्थित चौकटी आखून. दुसऱ्या दिवशी स्टेशनबाहेर आमच्यासाठी पाच झेरॉक्स काढल्या आणि मूळ कागद, जगातले सगळे मूळ कागद जिथे राहतात तिथेच राहिला: मशीनच्या झाकणाखाली. संध्याकाळी परत गेले, पण तोवर त्यात कुणाचा तरी वडापाव बांधून गेला होता.

तर आम्ही पाचही जणांनी झेरॉक्सवरून धून बसवली. भूप म्हणजे सा रे ग प ध, पाचच स्वर, सगळे शुद्ध, सज्जनांचा राग. पण दुसऱ्या ओळीत तिसऱ्या चौकटीतल्या धैवताखाली आडवी रेघ होती. स्वराखाली रेघ म्हणजे कोमल. पहिल्यांदा वाजवला तेव्हा पाचही जण दचकलो. उपासाच्या साबुदाण्यात कांदा लागावा तसं झालं. मग चार-सहा गुरुवारांत कांद्याची चव लागली. पुढे पुढे आम्ही त्या एका धैवतासाठीच सगळी धून वाजवायला लागलो. जवळ आला की वकीलसाहेब डोळे मिटत. बँकवाले एरवी काहीही जादा न देणारे, पण तिथे ते भाता दोनदा मारत.

आणि मी त्यावर बोलायला लागलो. सोसायटीच्या कोजागिरीला गच्चीवर मी त्या धैवतावर वीस मिनिटं बोललो आहे. दूध आटून बासुंदी होईपर्यंत. जुन्या गवयांचा खोडकरपणा, शुद्धतेच्या कपाळावर मुद्दाम लावलेली तीट, असं बरंच. मध्ये १९४० ते १९७१ रेडिओवर पेटीला बंदी होती हेही घातलं, कारण अन्यायाचा उल्लेख असला की भाषणाला उंची येते. एकतीस वर्षं बंदी. माझी नोकरीही एकतीसच वर्षं. (दोन्ही वेळा गप्प बसावं लागलं ते ऐकणाऱ्यांनाच.) समोर बसलेली एक मुलगी, बहुधा विशारदला असावी, तिने विचारलं, "काका, कोमल धैवत घेतला तर तो भूपेश्वरी होत नाही का?" मी म्हटलं, "बाळ, नावात अडकू नकोस." त्या रात्री घरी येऊन मी पुस्तकात भूपेश्वरी पाहिला. होतो.

मध्यंतरी नानांची मुलगी इंग्लंडहून आली, तिने बाबांसाठी जुन्या बाजारातून कन्सर्टिना आणली. सहा कोनांची, फराळाच्या डब्याएवढी, दोन्ही बाजूंना बटणं आणि मध्ये भाता. इथे मला व्हीटस्टनबद्दल बोलायचं आहे. हा विषय निघाला की गुरुवारची मंडळी चहा टाकायला उठतात. वाचकांना ती सोय नाही.

बारावीला व्हीटस्टन ब्रिज असतो. चार रोध, मध्ये गॅल्व्हानोमीटर, काटा शून्यावर आला की जिंकलं. मी तो इतक्या वेळा काढला आहे की एका दिवाळीत बायकोने रांगोळीचे ठिपके घालून दिले आणि माझ्याकडून तोच झाला. पण हा चार्ल्स व्हीटस्टन मूळचा वाद्यांच्या धंद्यातला, लंडनमध्ये घरचाच व्यवसाय, आणि कन्सर्टिना त्याची, हे पाठ्यपुस्तकाने मला कधी सांगितलं नाही. १८२९ च्या त्याच्या पेटंटात बटणांची ती मांडणी आहे, १८४४ मध्ये पुढचं पेटंट. आणि ज्या ब्रिजमुळे पोरं त्याला शिव्या देतात तो त्याचा नव्हेच! तो सॅम्युअल हंटर ख्रिस्ती यांनी १८३३ मध्ये मांडला. व्हीटस्टनने दहा वर्षांनी तो लोकांपुढे आणला आणि ख्रिस्तींचं नावही प्रामाणिकपणे सांगितलं. कोण ऐकतो? ब्रिज व्हीटस्टनचा झाला. पुढे १८५४ मध्ये त्याने एक गुप्तलिपी काढली, त्याच्या प्लेफेअर नावाच्या मित्राने तिची जिथे तिथे शिफारस केली, तर ती झाली प्लेफेअरची लिपी. बँकवाले म्हणतात, "दोन्ही एन्ट्र्या चुकीच्या खात्यात, पण टॅली होतंय ना? मग सोडा." गंमत म्हणजे हा किंग्ज कॉलेजचा प्राध्यापक, पण व्याख्यान द्यायला इतका घाबरायचा की त्याचं संशोधन कितीदा फॅरडेने लोकांना सांगितलं. दर वेळी या गोष्टीपाशी आलो की मी हळवा होतो. माझ्याकडे सांगायला फॅरडे नव्हता आणि न घाबरता सांगण्यासारखं संशोधनही नव्हतं. मी नुसताच घाबरत नव्हतो.

तर ती कन्सर्टिना. तिची गोम अशी की सप्तक दोन हातांत वाटलेलं असतं. सा डाव्या हाताला, रे उजव्या, ग डाव्या, म उजव्या, एक सोडून एक. वरचा सा येईपर्यंत तोही उजव्या हाताला गेलेला असतो. पेटीत उजव्या हाताने बोलायचं आणि डाव्याने श्वास पुरवायचा, एवढाच संसार. इथे दोन्ही हातांनी बोलायचं आणि दोघांनी मिळून श्वासही घ्यायचा. आतला प्रकार तसा एकच, हवेने थरथरणारी पितळी पट्टी. पेटीसुद्धा परदेशातूनच, पॅरिसहून निघाली, पायाने भाता मारायची, आणि कलकत्त्यात हाताच्या भात्याची होऊन मांडी घालून बसली. आम्ही पाचही जणांनी पाळीपाळीने भूप काढून पाहिला. वकीलसाहेबांच्या डाव्या हाताला उजवा काय करतोय ते कळेना, त्यांनी ती खाली ठेवली आणि म्हणाले, "ही केस सेटल करा." फक्त नानांना ती लळा लावून गेली. महिन्याभरात ते सा रे ग प ध पर्यंत आले. वर जाताना बरे, उतरताना जिन्यावरून पडल्यासारखे.

झेरॉक्सचं बिंग बँकवाल्यांनी फोडलं. घरपट्टीचा काही वाद होता, त्यासाठी त्यांनी जुन्या पावत्यांच्या झेरॉक्स बाहेर काढल्या. हे गृहस्थ काहीच टाकत नाहीत. स्टेशनबाहेरच्या त्याच दुकानातल्या, त्याच महिन्यातल्या सहा प्रती. गुरुवारी त्यांनी त्या नानांच्या हॉलमध्ये सतरंजीवर पत्त्यांसारख्या मांडल्या आणि शेजारी आमची धून ठेवली. प्रत्येक कागदावर, डाव्या कडेपासून चार बोटं आत, वरून एक तृतीयांश अंतराच्या जरा खाली, तीच आडवी रेघ. तेवढीच. यंत्राच्या काचेवरचा ओरखडा. एका पावतीवर ती बँकवाल्यांच्या वडिलांच्या नावाखाली आली होती. त्यांचे वडील कोमल झाले होते.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मला गच्चीवरचा चंद्र आठवला. मग मावशी पुढे झाल्या आणि त्यांनी धून शुद्ध धैवताने वाजवली. बिनचूक. वरणात मीठ विसरल्यासारखी. वाजवून त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, "हे काही आपलं नव्हे." मतदान घ्यावं लागलं नाही. त्या बुवांना हे कळलं असतं तर त्यांनी चहा परत केला असता. पण पुढच्या गुरुवारी यंत्र लागलं, दुसरी ओळ आली, वकिलांनी डोळे मिटले आणि कोमल धैवत आपल्या जागी येऊन बसला.

गेल्या मार्गशीर्षात नानांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू. बोलणं महिन्याभरात बरंचसं सुटलं, पाय काठीने टेकायला लागले, हात मात्र नाही. डावा हात म्हणजे भाता.

भेटायला येणारे भले लोक असतात, पण त्यांची सगळी वाक्यं भूतकाळातली असतात. "छान वाजवायचे हो नाना." वाजवायचे? माणूस समोर बसून बिस्कीट खातोय. आणि छान तर ते कधीच वाजवत नव्हते! नातेवाइकांपैकी कुणी तरी शहाणपणा करून पेटी माळ्यावर टाकली, डोळ्यांसमोर नको म्हणून. कन्सर्टिना शोकेसमध्ये गेली, बाहुलीशेजारी. मला इतका संताप क्वचित येतो. माझ्या भाषणात लोक उठून जातात तेव्हासुद्धा येत नाही.

आम्ही गुरुवार त्यांच्या खोलीत हलवला. चार पेट्या, नाना पलंगावर. आम्ही त्यांच्यासाठी वाजवतोय असा आमचा आविर्भाव, त्यामुळे नेहमीपेक्षा वाईट वाजलं. तिसऱ्या गुरुवारी मावशी मध्येच थांबल्या. नानांच्या उजव्या हाताची बोटं चादरीवर चालली होती. मावशींनी बघितलं, उठल्या, स्टूल मागवलं, सत्तरीच्या बाईने स्वतः माळ्यावर चढून पेटी काढली. ती नानांपुढे ठेवली आणि माझ्याकडे वळून वॉर्डबॉयला सांगतात त्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही पलीकडे बसा. भाता धरा."

मी. संवादिनीवादक. पाकिटात कार्ड.

भात्याच्या बाजूने पेटी मी कधी पाहिली नव्हती. तिकडून पट्ट्या दिसत नाहीत, वाजवणाऱ्याचा चेहरा दिसतो. मी आपला जोर लावला तर सूर बोंबलला. कमी केला तर विझला. नानांनी डोळ्यांनीच खूण केली. कुठे दम द्यायचा ते त्यांच्या भुवयांवर लिहिलेलं होतं, फक्त ते वाचता यायला हवं होतं. पहिली ओळ अडखळत झाली. माझा खांदा भरून आला. तालाचं यंत्र बँकवाल्यांनी आपण होऊन बंद केलं होतं.

दुसरी ओळ आली. वकिलांनी डोळे मिटले. नानांची मधली तीन बोटं सवय मोडल्याने आता पूर्वीसारखी सुटी होत नाहीत, तेव्हा धैवताशी आल्यावर काळी आणि पांढरी दोन्ही एकदम दाबली गेली. कोमल आणि शुद्ध एकत्र. असा विस्पंद मी फळ्यावर काय, कुठेच ऐकलेला नाही. नानांनी बोट उचललं नाही. मी भाता मारत राहिलो.

मग ते थांबले, माझ्याकडे बघितलं आणि जड जिभेने म्हणाले, "सावकाश रे. तुला भातासुद्धा येत नाही."