बुऱ्हाणपूरला उतार कळत होता

मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरच्या जमिनीखाली चारशे वर्षं एक काम बिनबोभाट चालू आहे. सातपुड्यात मुरलेलं पाणी विहिरींसारख्या कुंड्यांच्या रांगेतून, भुयारी वाटेनं शहराकडे येतं. पंप नाही, मोट नाही, वीज नाही. सगळी करामत उताराची. १६१५ च्या सुमारास, मोगल सरदार अब्दुल रहीम खानखानांच्या काळात, तबकुतुल अर्ज नावाच्या फारसी जाणकारानं ही वाट आखली असं सांगतात. शंभरावर कुंड्या जोडत जायचं. उतार जास्त झाला तर पाणी माती खरवडत धावणार, कमी झाला तर जागीच साचणार. हे गणित त्या लोकांनी जमिनीच्या पोटात बसून सोडवलं. २०२४ मध्ये हा कुंडी भंडारा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला, आणि जायलाच हवा होता.

आता त्याच शहरातल्या शाही किल्ल्यात या. तापीच्या काठावर खानदेशच्या फारुकी सुलतानांनी उभारलेला, पुढे मोगलांनी वाढवलेला हा वाडा-किल्ला. शाहजहाननं इथं दरबार भरवला. त्याची बेगम मुमताज १७ जून १६३१ रोजी, चौदाव्या बाळंतपणात, याच शहरात गेली आणि ताजमहालाच्या आधी तिची कबर नदीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात होती. शाही हमामाच्या छतावरची रंगीत नक्षी आजही मान वर करून पाहावी अशी आहे. पण मान वर करण्याआधी पायरी चढावी लागते. ज्याला चढता येत नाही, त्याच्यासाठी बुऱ्हाणपूरला ठाऊक असलेला उतार इथं अचानक कुणाला आठवत नाही.

रावेर, भुसावळ, जळगावकडून इथं मराठी कुटुंबं सतत येतात. सकाळच्या गाडीनं लालबागच्या स्टेशनावर उतरायचं, रिक्षा करायची, किल्ला, दर्गा, मावा जिलेबी, संध्याकाळी परत. अशा सहलीत एक वाक्य ठरलेलं असतं: “आई, तुम्ही इथंच सावलीत बसा, आम्ही पटकन बघून येतो.” मग आई पिशव्या सांभाळत बसते. पोलिओ झालेला काका बसतो. गुडघे बदललेली मावशी बसते. परतल्यावर मोबाइलवर फोटो दाखवले जातात आणि सगळे म्हणतात, फार काही नव्हतं हो, पडझडच आहे. हे प्रेमानं बोललेलं खोटं मला सहन होत नाही. पडझडच असेल तर तुम्ही दीड तास आत काय करत होता?

कुणाला विचारा, उत्तर तयार असतं: वारसा आहे, हात लावता येत नाही. यातला अर्धा भाग खरा आहे आणि तो मीही मानतो. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा कडक आहे, कडकच असावा. हमामाच्या भिंतीला ड्रिल लावणाऱ्याला मी स्वतः अडवीन. पण उतार बसवायला भिंत फोडावी लागते, हे कुणी सांगितलं? लाकडाचा किंवा लोखंडी जाळीचा उतार जमिनीवर नुसता टेकवता येतो. उद्या नको झाला तर चार माणसं उचलून नेतील आणि दगडावर ओरखडाही राहणार नाही.

हे काही स्वप्नरंजन नव्हे. जानेवारी २००१ मध्ये व्हीलचेअरवर असलेले शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग भारतात आले. मुंबईत भौतिकशास्त्राच्या परिषदेला ते होते, नंतर दिल्लीत गेले. त्यांना कुतुबमिनार, जंतरमंतर पाहायचं होतं. अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या जावेद आबिदींसारख्या कार्यकर्त्यांनी आवाज उठवला, आणि पुरातत्त्व खात्यानं बघता बघता लाकडी उतार टाकले. जगप्रसिद्ध पाहुण्यासाठी काही दिवसांत जे होतं, ते रावेरच्या शिवणकाम करणाऱ्या एखाद्या अपंग बाईसाठी पंचवीस वर्षांत का होऊ नये? तिचं तिकीट काय खोटं असतं?

आणि दिल्लीपर्यंत जायचीही गरज नाही. कुंडी भंडाऱ्याकडेच बघा. ऐंशी फुटांच्या आसपास खोल कुंडीत पर्यटकांना उतरता यावं म्हणून तिथं लिफ्ट बसवली. चारशे वर्षांच्या कुंडीत यंत्र उतरवताना वारसा आडवा आला नाही, कारण धडधाकट पर्यटकाला खाली जायचं होतं. मग किल्ल्यातल्या पायऱ्यांशीच तो कसा आडवा येतो?

जुने राजे तर याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणे होते. आग्र्याच्या किल्ल्यात दरवाज्यातून आत जाणारी लांब चढण आजही आहे. ग्वाल्हेरला हत्ती पोळपर्यंत वर जाणारा रस्ता आहे. पायऱ्यांवरून हत्ती नेणं अवघड, म्हणून चढण केली. राण्या पालखीत, म्हातारे सरदार मेण्यात. प्रत्येकाला वर नेण्याची काही ना काही सोय बांधकामातच धरलेली होती. चालता येणं ही तेव्हाही किल्ल्यात शिरण्याची अट नव्हती.

आता हिशेबाचं बोलू. आपल्याकडचं प्रमाण एकास बाराचं आहे: एक फूट चढायला बारा फूट लांब उतार. सहा इंचांची पायरी असेल तर सहा फुटांची फळी पुरते. तीन फुटांच्या जोत्याला छत्तीस फूट लागतात, मध्ये विसाव्याची सपाट जागा लागते, दोन्ही बाजूंना कठडा लागतो. हे कुठल्याही गवंड्याला समजतं. यापेक्षा उभा उतार म्हणजे सोय नव्हे, सापळा आहे. मी असे उतार पाहिले आहेत की ज्यांवरून व्हीलचेअर ढकलायला दोन पैलवान लागतील. उद्‌घाटनाची पाटी मात्र चकचकीत. मोजपट्टी न धरता केलेलं काम करूच नका.

पण सगळा विचार चाकांपाशी थांबला तरी चूकच. बुऱ्हाणपूरच्या इतिहासात एक माणूस आहे, ज्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. शहजादा खुसरो, जहांगीरचा थोरला मुलगा. १६०६ मध्ये त्यानं बापाविरुद्ध बंड केलं, पुढच्या वर्षी बापानं त्याचे डोळे फोडवले. थोडीफार नजर परतली असं इतिहासकार लिहितात. पूर्ण परतली नाही. शेवटी धाकट्या भावाच्या, खुर्रमच्या, म्हणजे पुढच्या शाहजहानच्या ताब्यात त्याला देण्यात आलं आणि जानेवारी १६२२ मध्ये तो इथं, बुऱ्हाणपुरात, मेला. पोटशूळानं मेला असं कळवण्यात आलं. त्यावर तेव्हाही अनेकांचा विश्वास बसला नाही. ताजमहालाची प्रेमकहाणी इथं प्रत्येक पर्यटकाला ऐकवली जाते. दृष्टी हिरावलेल्या या राजपुत्राची कहाणीही सांगायला हवी, आणि ती दृष्टिहीन माणसापर्यंत पोचायला हवी.

ती पोचेल कशी? हमामाचं छत कुणालाच हाताला लागणार नाही, डोळसालाही नाही. मग त्या नक्षीचा एक चौरस लाकडात किंवा मातीत उठावदार करून खाली, कमरेच्या उंचीवर ठेवा. बोटं फिरवू द्या. किल्ल्याचा उठावाचा नकाशा करा: इथं तापी, इथं दिवाण-ए-आम, इथं हमाम. शेजारी ब्रेल. आपल्या शहरांत सुतार कमी नाहीत, कुंभारही नाहीत. बहिऱ्या मुलांसाठी खुणांच्या भाषेतली दहा मिनिटांची चित्रफीत करून दारावर क्यूआर कोड लावायला किती खर्च येतो? आणि अशा चौरसावर बोटं फिरवायला डोळस मुलं आधी रांग लावतील, हे मी लिहून देतो.

स्वच्छतागृहाबद्दल मला वेगळं सांगावं लागतं याचीच लाज वाटते. रुंद दार, आत वळायला जागा, धरायला दांडा. हे नसेल तर पुढचं सगळं फुकट, कारण माणूस सकाळपासून पाणी न पिता निघतो. अपंग माणसांच्या घरी विचारा, प्रवासाचा पहिला नियम हाच असतो.

कायदा काय म्हणतो? २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांस्कृतिक वापराच्या इमारतींनाही सार्वजनिक इमारती मानतो. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला त्यानं नियम लागू झाल्यापासून पाच वर्षं दिली. नियम जून २०१७ चे. म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. राजीव रतुरी या दृष्टिहीन नागरिकानं २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं त्याच प्रकरणात सांगितलं की सुगमतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, किमान काही गोष्टी बंधनकारक हव्यात. एकोणीस वर्षं एका माणसानं दार ठोठावलं. एवढ्या काळात मूल जन्मून मतदार होतं.

बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड या डोंगरी किल्ल्याबद्दल मी खोटी आशा दाखवणार नाही. अकबराला १६०१ मध्ये तो मिळवायला महिनोन्‌महिने लागले. त्याच्या प्रत्येक बुरुजावर व्हीलचेअर नेता येणार नाही. आपल्याकडे रायगडाला १९९६ पासून रोपवे आहे, आणि वर पोचल्यावर पुन्हा पायऱ्या आहेत. घारापुरीला, अजिंठ्याला डोलीवाले आहेत. पण दुसऱ्याच्या खांद्यावर, लोकांच्या नजरा झेलत जाणं प्रत्येकाला मानवत नाही, आणि न मानवण्याचा त्यांना हक्क आहे. डोंगरी किल्ल्याला मर्यादा आहेत, मान्य. शाही किल्ला मात्र डोंगरावर नाही. तो शहरात आहे, रस्त्याकडेला आहे, रिक्षा जवळपर्यंत जाते. असीरगडाची अडचण पुढे करून इथलं काम टाळणं हा शुद्ध आळस आहे.

जिल्हा प्रशासन, पालिका आणि पुरातत्त्व खातं यांनी एक करावं. पुढच्या पाहणीला निघताना बुऱ्हाणपुरातलीच चार माणसं बरोबर घ्यावीत: एक व्हीलचेअरवरची, एक दृष्टिहीन, एक कर्णबधिर, एक काठी टेकत चालणारी सत्तरीची आजी. त्यांनी दारापासून हमामापर्यंत जावं, जिथं अडतील तिथं खडूनं खूण करावी. खुणा मोजाव्यात, प्रत्येक खुणेपुढे खर्च लिहावा आणि तो कागद तिकीटखिडकीवर चिकटवावा, म्हणजे कुठली खूण पुसली आणि कुठली अजून तशीच आहे, हे येणाऱ्या प्रत्येकाला वाचता येईल. युनेस्कोकडे जाणाऱ्या फायलीतही हाच कागद लावावा. रावेरहून येणाऱ्यांनी तोवर एक करावं: आईला सावलीत बसवण्याआधी तिकीटखिडकीवर विचारावं, उतार कुठे आहे? दर रविवारी, दर कुटुंबानं विचारावं.