साक्षीला कोण होतं?

बव्हेरियातल्या हेर्त्सोगेनआउराखला 'झुकलेल्या मानांचं गाव' म्हणत, कारण तिथली माणसं समोरच्याच्या तोंडाआधी त्याचे बूट पाहून घेत. 1948 साली आदी आणि रुडी डासलर हे सख्खे भाऊ वेगळे झाले. एकाची आदिदास, दुसऱ्याची प्यूमा, मध्ये आउराख नदी. इतकी रेखीव भाऊबंदकी आमच्या वाईतही माझ्या पाहण्यात नाही. पण बिनसलं कशावरून? कुणी सांगतं, युद्धात विमानं आली तेव्हा आसऱ्याला शिरताना आदीने त्यांना शिवी हासडली आणि आधीच आत बसलेल्या रुडीला ती आपल्या बायकापोरांना दिल्यासारखी वाटली. कुणी म्हणतं, जावाजावांचंच पटत नव्हतं. कुणी अमेरिकनांच्या कैदेचा विषय काढतं. मात्र भांडण झालंच नव्हतं, असं म्हणणारा कुणी भेटत नाही. दोघांच्या कबरी एकाच दफनभूमीत आहेत, पण दोन टोकांना.

याच गावातलं जुनं कॅथलिक चर्च नेमकं मरीया मग्दालीयेच्या नावाचं. पुनरुत्थानाची पहिली साक्षीदार ती. तिच्या साक्षीचीही हीच तऱ्हा. कबरीकडे योहान तिला एकटीला धाडतो, मत्तय दोघींना, मार्क तिघींना, लूक तर आणखी काही जणींना. देवदूत एक की दोन, यावर एकमत नाही. आणि समोर उभ्या येशूला तिने चक्क माळी समजावं! तालुका कोर्टात वकिली करणारे माझे आजोबा म्हणायचे, तिघांची साक्ष शब्दाला शब्द जुळली की पढवून आणलेत समजावं. उलटतपासणीत त्यांनी या चौघांना घाम फोडला असता आणि घरी येऊन, पाय धुता धुता, "माणसं खोटी नाहीत गं," असं आजीला सांगितलं असतं. मलाही तसंच वाटतं. बाईच्या शब्दाला फारशी किंमत नसलेल्या काळात रचूनच सांगायचं, तर कुणी भारदस्त पुरुष उभा केला असता. मेलेला उठला, हे एवढ्याने सिद्ध होत नाही. पण ती बाई थाप मारत नव्हती, इतकं मला पटतं.

तिच्या माणसांना मात्र ते पटलं नाही. शिष्यांना ती बायकांची बडबड वाटली. पौलाने करिंथकरांना साक्षीदारांची यादी कळवली, तिच्यात केफा, बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब, शेवटी स्वतः पौल. पाचशे मावले आणि मरीया राहिली, सातबाऱ्यावर बहिणीचं नाव राहून जावं तशी. फेरफार नोंदीला वेळ लागतोच; पोप फ्रान्सिस यांनी 22 जुलैचा तिचा स्मरणदिन प्रेषितांच्या सणांच्या पंक्तीला बसवला, तो 2016 मध्ये.

डासलर बंधूंनाही एक बहीण होती. तिचं नाव मारी. दोघांना लहानपणापासून पाहिलेली. मी ऐकलेल्या कुठल्याच हकिगतीत तिला साक्षीला बोलावलेलं नाही. बोलावलं असतं, तर तिचं सांगणं दोन्ही भावांना पटलं नसतं, हे मात्र मी साक्षीपुराव्याशिवाय सांगायला तयार आहे.