मधूनच गार

पुण्याहून इंग्लंडला मुलांकडे येणारे आईवडील दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "इथे मेथी मिळते का रे?" आणि दुसरा, पहिल्याच आंघोळीनंतर डोक्याला पंचा गुंडाळून, "पाणी मधूनच गार का होतं?" पहिल्याचं उत्तर सोपं. साउथॉलला नेऊन जुड्यांचा ढीग दाखवला की काम भागतं. दुसऱ्या प्रश्नाने मात्र रेडिंगच्या आमच्या घरात अख्खा हिवाळा खाल्ला.

इथल्या बऱ्याच घरांत असतो तसा आमच्याकडे 'कॉम्बी' बॉयलर आहे. स्वयंपाकघराच्या कपाटात, मसाल्याच्या डब्यांशेजारी भिंतीला टांगलेली एक पांढरी पेटी. हा एकटा जीव दोन नोकऱ्या करतो. खोल्याखोल्यांतले रेडिएटर तापवायचे आणि नळाला गरम पाणीही द्यायचं. पाण्याची साठवण कुठेच नाही. नळ सोडला की पाणी वाहतंय हे त्याला आतल्या आत कळतं, ज्योत पेटते आणि पाणी जाता जाता तापतं. आधीच्या मालकांनी घर सोडताना पडद्यांच्या कड्यासुद्धा काढून नेल्या, बॉयलर तेवढा ठेवला. त्यावरून त्याच्या प्रकृतीची कल्पना यावी.

लक्षणं अशी. शॉवर सुरू केला की आधी गार, मग कोमट, मग छान, मग एकदम कढत. कढत म्हणून अंग चोरून कोपऱ्यात सरकावं तर हुडहुडी भरवणारी एक लाट येते, आणि ती ओसरते न ओसरते तोच पुन्हा कढत. ही लाट नेमकी डोळ्यांत शाम्पू गेलेला असतानाच येते. याला शास्त्रीय आधार नाही, पण घरातल्या सगळ्यांची साक्ष आहे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका पुढच्या खोलीत आणि पुरुष स्वयंपाकघरात जमले. परदेशी मराठी पुरुषांचे विषय ठरलेले असतात: घरकर्जाचा दर, मुलांची ग्रामर स्कूलची परीक्षा आणि बॉयलर. एकाने तिळगूळ तोंडात टाकता टाकता निदान केलं, "प्रेशर बघ." सगळ्यांनी पेटीखालच्या काट्यापुढे माना वाकवल्या. काटा 1 आणि 1.5 बारच्या मध्ये, म्हणजे जिथे असायला हवा तिथेच होता. मुळात तो काटा रेडिएटरच्या बंद चक्रातल्या पाण्याचा दाब दाखवतो, नळाच्या धारेशी त्याचं काही नातं नाही. पण प्रेशर हा शब्द एकदा उच्चारला की माणसाला जाणकार झाल्यासारखं वाटतं. दुसरा म्हणाला, "डायव्हर्टर व्हॉल्व्ह गेला असणार." तिसरा म्हणाला, "नवाच टाक." नवा टाक म्हणणाऱ्याने नुकताच स्वतःकडे नवा टाकलेला असतो. आपल्या खर्चाला समाजमान्यता मिळावी, एवढाच त्याचा हेतू.

डायव्हर्टरवाल्याचं म्हणणं बायकोने दुसऱ्या दिवशी तपासून पाहिलं. ही झडप गरम पाण्याला वाट दाखवते, एकदा रेडिएटरकडे, एकदा नळाच्या बाजूला. ती अर्धवट अडकली तर हीटिंग बंद असतानाही, नुसता गरम नळ सोडला की रेडिएटर तापू लागतात आणि नळाला कोमट पाणी येतं. बायकोने हीटिंग बंद केलं, मला खाली नळापाशी उभं केलं आणि स्वतः वर जाऊन रेडिएटरला हात लावून बसली. रेडिएटर थंडगार. झडप निर्दोष सुटली.

मग मी हिशोब मांडला. बॉयलर 24 किलोवॅटचा. जानेवारीत बाहेरून येणारं पाणी साधारण 5 अंश सेल्सिअसचं, आंघोळीला हवं 40 अंशांचं. ही 35 अंशांची चढण चढवायची तर मिनिटाला जेमतेम 10 लिटर पाणी तापतं. वर शॉवर चालू आणि खाली कोणी कढई घासायला घेतली की त्या 10 लिटरचे दोन वाटेकरी होतात. तेव्हापासून आमच्याकडे आंघोळीला जाणारा माणूस जिन्यातूनच गर्जना करतो, "मी चाललोय, नळ कोणी सोडू नका!" यामुळे भांडणं वाढली, गार लाट मात्र येतच राहिली. कारण ती मी घरात एकटा असतानाही येत होती.

त्यातच एका पहाटे बॉयलर गुडगुडला आणि बंदच पडला. इंग्लंडात एप्रिल 2005 पासून बसवायचे गॅसचे बॉयलर, थोडे अपवाद सोडले तर, कंडेन्सिंग जातीचेच असावे लागतात. धुरातली वाफ निववून तिचीही उष्णता ते वापरतात. तिचं झालेलं पाणी प्लास्टिकच्या नळीने बाहेर जातं, आणि कडाक्याच्या थंडीत ती नळीच गोठते. उपाय एकच, नळीवर गरम पाणी ओतायचं. उकळतं नव्हे, सोसवेल इतपत. म्हणजे आम्हाला गरम पाणी मिळावं म्हणून नरकचतुर्दशी नसताना पहाटे अंगणात उभं राहून आधी बॉयलरला अभ्यंगस्नान घालायचं. उटणं तेवढं राहिलं.

शेवटी गॅसवाला इंजिनियर आला. पेटीकडे बघून त्याने दातांतून हवा ओढली आणि विचारलं, "हा बसवला कोणी?" पुण्याचा प्लंबर काय नि बर्कशरचा काय, आधीच्या कारागिराचा उद्धार केल्याशिवाय हत्यार उचलत नाही. पण पुढे त्याने जे केलं ते आमच्यापैकी कोणाला सुचलं नव्हतं. झाकणाला हात न लावता त्याने आधी प्रश्न विचारले. सगळ्या नळांना असं होतं की फक्त शॉवरला? धार मोठी असताना होतं की बारीक असताना? मग एकेक नळ सोडून तो हात धरून उभा राहिला. नुसता शॉवर बिघडला असता तर शॉवरच्या आतली मिश्रण करणारी कांडी दोषी ठरली असती. पण पाणी सगळीकडेच लपंडाव खेळत होतं.

मग त्याची नजर गरम पाण्याच्या बटणाकडे गेली. ते शेवटच्या टोकाला फिरवलेलं. "हे कोणी केलं?" बायकोने प्रश्न मराठीत आणला. आई ताठ मानेने म्हणाली, "मी. एवढ्या थंडीत लेकाला कढत पाणी नको?"

त्याने समजावून सांगितलं. पाणी फार कढत केलं की शॉवरमध्ये त्यात भरपूर गार मिसळावं लागतं. म्हणजे बॉयलरमधून जाणारी गरम धार बारीक होते. ज्योत बारीक होऊन होऊन किती होणार? एका मर्यादेनंतर ती पाणी प्रमाणाबाहेर तापवते आणि सुरक्षेसाठी विझते. विझली की गार पाणी तसंच पुढे सरकतं. मग पुन्हा पेटते. बटण खाली आणलं की धार मोठी राहते आणि ज्योत टिकते. थोडक्यात, गरम पाणी हवं असेल तर बॉयलर कमी करा. आईने ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "म्हणजे हा आपल्या पेठेतला दुकानदार. जास्त मागितलं की शटर खाली!"

बटण खाली आणल्यावर निम्मा आजार गेला. उरलेला निम्मा पाण्यात होता. थेम्सच्या खोऱ्याखाली खडूचा दगड आहे, त्यामुळे इथलं पाणी जड. किटलीच्या बुडाशी पांढरी खपली धरते आणि चहावर तवंग येतो. बॉयलरमध्ये हातात मावेल एवढी पोलादी पत्र्यांची एक चळत असते. तिच्यात एका पत्र्याआड रेडिएटरच्या चक्रातलं तापलेलं पाणी, दुसऱ्याआड नळाचं. मध्ये चुना बसला की उष्णता पलीकडे जात नाही, अलीकडचं पाणी भराभर तापतं आणि ज्योत विझते. इंजिनियरने मीटर लावून तापमान मोजणारा स्वस्तातला सेन्सर तपासला, तो ठीक निघाला. मग ही चळत काढून सिंकमध्ये उपडी करून आपटली. आतून रांगोळीभर पांढरा भुगा पडला. नवी चळत बसवली आणि लाट थांबली.

या सगळ्या गदारोळात एकाच माणसाची आंघोळ रोज बिनबोभाट होत होती. पहिल्या अनुभवानंतर आईने देशी दुकानातून बादली आणि मग आणवला होता. कढत, गार, येईल ते पाणी बादलीत भरायचं, हाताने ढवळायचं आणि मजेत अंगावर घ्यायचं. इंजिनियरने बाथटबमधली ती बादली पाहिली, तिचा उपयोग समजून घेतला आणि मान डोलावली. इथल्या जुन्या घरांत गरम पाण्याची मोठी टाकी असायची. साठवणीत असे चढउतार जिरून जातात, म्हणून त्या लोकांना हा त्रास माहीतच नव्हता, असं त्याने सांगितलं. तेवढ्यावरून आईने त्याला वाड्यातल्या तांब्याच्या बंबाची गोष्ट ऐकवली. वरून नरसाळ्यात तांब्याभर गार ओतलं की खालच्या तोटीतून गरम बाहेर. "त्यात बिघडायचं काय? राख काढायची आणि चिंचेने घासायचा."

जुना बॉयलर सांभाळणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. पाणी मधूनच गार झालं तर कोणत्या नळाला, केव्हा आणि किती वेळ, हे आधी कागदावर लिहून ठेवा. बटण थोडं खाली आणून बघा. शॉवरची चाळणी रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवा. मात्र पेटीचं झाकण स्वतः उघडू नका. इथे गॅसचं काम धंदा म्हणून करणाऱ्याचं नाव गॅस सेफ रजिस्टरमध्ये असावंच लागतं. त्याचं कार्ड मागा आणि उलटं करून वाचा. कोणत्या कामांची त्याला परवानगी आहे, ते मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर आजच आणा, तो वायू वास न देता जीव घेतो. एवढं झाल्याशिवाय नव्या बॉयलरची किंमत कोणाला विचारू नका, निदान हळदीकुंकवाला तरी नकोच.