हिरवळ, पण टोस्टवर

मुंबईत हिरवळ हवी असेल तर रविवारी अकराला वांद्र्याच्या एखाद्या कॅफेत जावं. दारात नाव नोंदवून पाऊण तास ताटकळायचं, मग भिंतीवरच्या प्लास्टिकच्या वेलींखाली बसून अ‍ॅव्होकाडो टोस्ट मागवायचा. पावाच्या दोन चकत्या, वर हिरवा लेप, त्यावर मोजून तीळ. बिल पाहिलं की उरलेली भूकही मरते.

फुकटची हिरवळ आहे म्हणा! मलबार हिलवर १८८१ साली चक्क पाण्याच्या टाकीवर बाग उभी राहिली. झुडपं कापून केलेले प्राणी तिथे अजून पाहायला मिळतात. आमच्या कोपऱ्यावरच्या बागेत मात्र गवतावर बसू नये, डबा उघडू नये, चेंडू आणू नये. शिवाय ती दहालाच बंद होते, म्हणजे ब्रंचवाल्यांच्या धंद्याला धक्का नको.